शेवटाला बाबा रडायचे

सिनेमात बाबांना एकाच ठिकाणी रडू यायचं. मुलगा-मुलगी घरातून पळून गेलेली असायची, गुंडांनी मुलाला मारून अर्धमेला केलेला असायचा, आणि ज्याने ते गुंड धाडले तोच मुलीचा बाप शेवटी हॉस्पिटलात येऊन मुलाच्या डोक्यावर हात ठेवायचा. तो हात खाली यायला लागला की बाबा खिशातून रुमाल काढायचे. आई त्यांच्याकडे न बघता पिशवीतली पाण्याची बाटली पुढे करायची. ताई माझ्या कानात म्हणायची, "आता चष्मा पुसतील." आणि बाबा चष्मा पुसायचे.

बाबा डहाणूला स्टेशनच्या पार्सल ऑफिसात होते. दिवसभर चिकूच्या करंड्या मोजून गाडीत चढवून घ्यायच्या हे काम. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या शर्टाला पिकल्या चिकूचा गोडसर वास यायचा. आम्ही रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहायचो: आई, बाबा, ताई आणि मी. ताई माझ्याहून तीनेक वर्षांनी मोठी. घरात टीव्ही यायला अजून अवकाश होता, म्हणून महिन्यातला एखादा रविवार थिएटरचा. दारू नाही, पत्ते नाहीत, बाबांची हौस एवढीच.

त्या वर्षांत कॉलेजातल्या प्रेमाचे सिनेमे एकामागून एक यायचे. ताईला त्यांची सगळी घडण पाठ होती. कॉलेज असायचं, पण पुस्तक कोणी उघडायचं नाही. मुलाला दोन मित्र, त्यातला एक जाडा, तो सतत खाणारा. मुलगी पहिल्यांदा दिसते तेव्हा भांडण झालंच पाहिजे. "भांडण झालं ना, मग प्रेम पक्कं," ताई म्हणायची. मग सहल, सहलीत बस बंद पडणं, दोघांनीच मागे राहणं. मुलीचा वाढदिवस, त्यात मुलाला सगळ्यांसमोर गाणं म्हणायला लावणं. मुलगी श्रीमंत असेल तर मुलाची आई शिवणकाम करणारी. मुलीचा बाप रेशमी गाऊन घालून जिन्याच्या वरच्या पायरीवरून ओरडणारा. परदेशातून परतलेला त्याच्या दोस्ताचा मुलगा. मग पळून जाणं, डोंगरातली झोपडी, झोपडीत एक गाणं, मग गुंड, मग हॉस्पिटल. क्वचित एखाद्या सिनेमात दोघंही मरायची, आणि तसल्या सिनेमाला कॉलेजच्या मुली दुसऱ्यांदा जायच्या.

मी एकदा ताईला विचारलं, "शेवट सगळ्यांना ठाऊक असतो, तरी थिएटर भरतं कसं?"

"ठाऊक असतो म्हणूनच भरतं," ती म्हणाली. "पुढं काय होणार याची भीती नसली की माणूस निवांत रडतो."

खरंच, कोण कोण यायचं! वर बाल्कनीत चिकूच्या वाड्यांचे मालक इराणी, त्यांच्या बायका-मुलांसकट. दुकानदारांची गुजराती कुटुंबं, घरून ढोकळ्याचा डबा घेऊन. बंदरावरच्या मच्छीवाल्या बाजार संपवून रिकाम्या पाट्या दाराशी ठेवून आत बसायच्या आणि नायकाची आई बोलायला लागली की डोळ्यांना पदर लावायच्या. पुढच्या रांगांत हॉस्टेलची मुलं. नायकाने अंगात कातडी जाकीट घातलं की वापीच्या बाजारातून तसलीच रेक्झिनची जाकिटं यायची, आणि एप्रिलच्या उकाड्यात ती घालून मुलं कॉलेजच्या फाटकाशी घामाघूम उभी. पण सगळ्यात मोठी गंमत वडीलमंडळींची. पोरं पळून गेली की अख्खं थिएटर टाळ्या वाजवायचं, त्यात ते सगळ्यात पुढे. गाऊनवाल्या बापाच्या बाजूने तिथे एक माणूस नसायचा. अंधारात प्रत्येक बाप त्या पोरांचा होता.

त्या रविवारी बाबांना ड्युटी लागली होती, म्हणून ताई आणि मी दोघीच गेलो, खालच्या तिकिटात. ताई नेहमीसारखी मला आधीच सगळं सांगत होती. आता बस बंद पडणार. आता तो हिचा हात धरणार. पुढच्या रांगेतला एक मुलगा वळला. पांढरा शर्ट, घरी धुतलेला, इस्त्री नसलेला.

"शेवट सांगू नका ना," तो म्हणाला. "मी तो बघायलाच आलोय."

"तुम्हाला ठाऊक नाही का शेवट?" ताईने विचारलं.

"ठाऊक आहे. पण बघायचाय."

ताई खुदकन हसली आणि पुढचा सिनेमा गप्प बसून पाहिला. मध्यंतरात कळलं की तो तिच्याच कॉलेजात आहे, एक वर्ष पुढे. तलासरी तालुक्यातल्या वेवजीच्या एका आदिवासी पाड्यावरचा. घरी थोडी भातशेती, आई हंगामात चिकूच्या वाड्यांत कामाला जायची. आश्रमशाळेत शिकून तो हॉस्टेलवर आला होता. पाड्यावरून कॉलेजात पोचलेला तो पहिलाच.

दोघांचं भांडण काही झालं नाही. तो फार कमी बोलायचा; बोलताना मध्येच त्याच्या घरच्या बोलीतला शब्द यायचा, तो थांबून दुसरा शब्द शोधायचा, आणि ताई म्हणायची, "राहू दे, कळलं." समुद्रावर जायची सोय नव्हती, तिथे ओळखीचं कोणी ना कोणी भेटायचंच. मग ती दोघं कॉलेजच्या ग्रंथालयात समोरासमोर बसायची. सिनेमातल्यापेक्षा उलटं, त्यांनी पुस्तकं खूप वाचली.

बाबांना हे ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलं. ते घरी आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. आमच्या घरात जिना नव्हता, ओरडायची पद्धतही नव्हती. भात कालवता कालवता त्यांनी विचारलं, "वेवजीचा कोण आहे तो?"

ताईने सांगितलं. लपवलं काहीच नाही. लग्न करायचं आहे, हेही सांगितलं.

"तो पाड्यावरचा आहे," बाबा म्हणाले.

"हो."

"आपल्यात बसत नाही ते."

"बाबा, मागच्या महिन्यात तुम्ही असल्याच पोरांसाठी रडलात."

बाबांनी ताट सरकवलं. "तो सिनेमा होता," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. एवढी साधी गोष्ट मुलीला समजावून सांगावी लागते याचं त्यांना आश्चर्य वाटलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ताईचं कॉलेज बंद झालं. परीक्षेला मात्र बसू दिलं, वर्ष फुकट जाऊ नये म्हणून. पेपरला आई सोडायला जायची आणि आणायला जायची. शेवटच्या पेपरला आई फाटकाशी थांबून राहिली. सगळ्या मुली बाहेर आल्या, ताई आली नाही. ती मागच्या बाजूने निघून स्टँडवर गेली होती आणि तलासरीच्या बसमध्ये बसली होती. सोबत कपड्यांची एक पिशवीसुद्धा नव्हती; परीक्षेचं पॅड तेवढं होतं.

बाबा पोलिसांत गेले. पोलिसांनी मुलीचं वय विचारलं, सज्ञान आहे म्हणाले, आणि बाबा परत आले. गुंड धाडायला आमच्याकडे होतं कोण? त्यांनी केलं ते असं: रजा टाकून रेशनकार्डावरून तिचं नाव कमी करून आणलं. पुढच्या महिन्यापासून साखर कमी आली. आई ती डब्यात ओतताना थांबली, डबा हलवून पाहिला आणि झाकण लावलं. कोणी विचारलं तर बाबा म्हणायचे, "एकच मुलगी आहे मला." आधी मला वाटायचं, असं म्हणताना त्यांची जीभ अडखळेल. ती अडखळली नाही.

वर्ष उलटल्यावर चैत्रात महालक्ष्मीच्या यात्रेला जाते असं सांगून आई मला घेऊन निघाली. आम्ही देवीचं दर्शन घेतलं, प्रसादाचा नारळ पिशवीत टाकला आणि तिथूनच तलासरीची गाडी पकडली. हायवेवर उतरलो तर ट्रकांच्या धुळीने समोरचं दिसेना. पुढे जीपने आणि मग पायी. आईने आयुष्यात कधी पाडा पाहिलेला नव्हता. ती माझं मनगट घट्ट धरून चालत होती.

कुडाचं घर, सारवलेलं अंगण, पलीकडे दोन ताडाची झाडं. ताई डोक्यावर पाण्याचे दोन हंडे घेऊन येताना दिसली. आम्हाला पाहून तिने आधी हंडे उतरवून ठेवले, पाणी सांडू दिलं नाही, आणि मग आईच्या गळ्यात पडली. तिचे तळवे भेगाळले होते. चुलीच्या धुराने डोळे लाल. ती पोटुशी होती.

"लग्न झालं का गं?" आईने हळूच विचारलं.

"व्हायचंय. इथे घाई नसते. आधी संसार करतात, जमेल तेव्हा लग्न लावतात. कोणी काही बोलत नाही."

आईला ते ऐकवेना. तिने नारळ ताईच्या ओटीत घातला आणि दुसरीकडे पाहू लागली. ताईची सासू दाराशी बसून आमच्याकडे बघत होती. मी ताईबरोबर विहिरीवर गेले.

"सिनेमात झोपडीत आले की एक गाणं होतं," ताई म्हणाली, "आणि थेट गुंड येतात. मधला स्वयंपाक कोणी दाखवतच नाही." ती हसली. मला हसू आलं नाही.

"तू सुखात आहेस का?"

तिने दोर ओढता ओढता विचार केला. "तो चांगला आहे," ती म्हणाली. "दमलेली असते मी. पण तो चांगला आहे."

भाऊजींनी कॉलेज सोडलं होतं. शेवटचं वर्ष राहिलं होतं, पण घरात खाणारं तोंड वाढलं होतं. हद्दीपलीकडे गुजरातेत कारखाने निघाले होते, तिथे ठेकेदाराकडे ते लागले. पहाटे सायकलने जायचे, अंधार पडल्यावर यायचे. कपड्यांना औषधासारखा उग्र वास, तो धुऊनही जायचा नाही. एकदा ते ताईला हौसेने तलासरीला व्हिडिओवर सिनेमा दाखवायला घेऊन गेले होते. कॉलेजच्या प्रेमाचाच होता. "काय झालं त्यात?" मी विचारलं. "ठाऊक नाही," ताई म्हणाली. "सुरुवातीला दोघं भांडली तेवढं आठवतं. मग मला झोप लागली. उठले तेव्हा लोक बाहेर निघत होते."

त्याच वर्षी गणपतीत आमच्या कॉलनीने भाड्याने रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ आणला. मांडवात सतरंज्या टाकल्या, मोठ्यांसाठी पुढे खुर्च्या. तेच कॉलेज, तोच जाडा मित्र, तोच जिन्यावरचा बाप. शेवटी बापाने मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाबांनी रुमाल काढला. मी त्यांच्या मागेच बसले होते. आई उठली, सगळ्यांच्या पायांतून वाट काढत घरी गेली आणि भांडी घासायला बसली. दुपारी घासलेलीच भांडी ती पुन्हा घासत होती.

ताईला मुलगी झाली. मुलगी रांगायला लागली तेव्हाची गोष्ट. कारखान्यात एक टाकी साफ करायची होती. ठेकेदाराने एका माणसाला आत उतरवलं, तो वर येईना. त्याला काढायला दुसरा उतरला, तोही येईना. मग भाऊजी उतरले. तिघांनाही बाहेर काढलं तेव्हा संपलेलं होतं. हॉस्पिटलात न्यायची वेळच आली नाही. टेम्पोने पाड्यावर आणून सोडलं. कारखान्याचा माणूस एकदा येऊन गेला, पुन्हा फिरकला नाही.

वेवजीचा एक ओळखीचा पार्सल ऑफिसात निरोप घेऊन आला. बाबा भर दुपारी घरी आले, चपला न काढता आत आले.

"तो गेला," ते आईला म्हणाले.

"कोण?"

"तिचा."

बाबा पंख्याखाली उभे राहिले, घामाघूम. मग म्हणाले, "तयारी करा. आणू तिला."

दोन वर्षांत त्यांनी ताईबद्दल काढलेला तो पहिला शब्द. त्यांनी जीप ठरवली. वाटेत त्यांचे ओठ हलत होते, काय म्हणायचं ते जुळवत असावेत. मला आजही वाटतं, त्या दिवशी ते खरोखर मनापासून निघाले होते.

आम्ही पोचलो तेव्हा पाड्यावरची माणसं अंगणात होती. त्यांनी वाट दिली. ताई भिंतीला टेकून बसली होती, मुलगी मांडीवर. बाबा तिच्याजवळ गेले, वाकले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. ते रडत होते. रुमाल काढायचंही भान त्यांना नव्हतं. ताईने डोळे मिटले. मला वाटलं, आता सगळं ठीक होईल. भाऊजी परत येणार नव्हते, तरीही मला तसं वाटलं, कारण तो हात डोक्यावर आल्यावर पुढे काही वाईट झालेलं मी कधी पाहिलंच नव्हतं.

"चल," बाबा म्हणाले. "झालं ते झालं. घरी चल."

ताईने मुलीला खांद्यावर घेतलं आणि उठायला लागली. बाबांनी तिचा दंड धरला.

"हिला इथेच राहू दे," ते खालच्या आवाजात म्हणाले.

ताईला कळलं नाही. "कोणाला?"

"हिला. त्यांचीच आहे ती. तू लहान आहेस अजून, पुढे तुझं बघता येईल. मामाकडे होतीस, असं सांगू."

ताईच्या सासूला सगळं ऐकू आलं. ती म्हणाली, "दोघींना न्या. माझा गेला, आता मी कोणाला अडवू? पण न्यायचं तर दोघींना न्या."

"दोघींना नाही," बाबा म्हणाले.

आई म्हणाली, "अहो." एवढंच. बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

ताई पुन्हा खाली बसली. मुलीला तिने मांडीवर नीट घेतलं, तिच्या तोंडावरची माशी हाकलली. मग सासूकडे बघून म्हणाली, "आय, यांना पाणी दे. उन्हातून आलेत." आणि बाबांना म्हणाली, "पाणी प्या आणि निघा, बाबा. जीप थांबलीय."

ती ओरडली असती तर बाबांना बरं वाटलं असतं. सासूने तांब्या आणला. बाबांनी मान हलवून नको म्हटलं. आईने तो तांब्या घेतला आणि उभ्या उभ्या सगळा संपवला. पाणी तिच्या हनुवटीवरून गळ्यावर ओघळत होतं. तांब्या परत देताना तिने सासूचे दोन्ही हात धरले. मग आम्ही जीपमध्ये बसलो.

पुढे ताई त्याच कारखान्यांच्या वसाहतीत कामाला लागली, एका ठिकाणी पेनांची टोपणं बसवायला. सकाळी टेम्पो यायचा, पाड्यावरच्या बायकांना भरून न्यायचा. मुलीला सासू सांभाळायची. माझं लग्न ठरलं तेव्हा तिने आईकडे निरोप पाठवला: मला बोलावू नका, जमलेलं मोडेल. मुलाकडच्यांना एकच मुलगी असल्याचं सांगितलेलं होतं. मी पालघरला गेले. बाळंतपणाला माहेरी आले होते तेव्हा ताईकडून एक झबलं आलं होतं, हाताने शिवलेलं. आईने ते ट्रंकेत ठेवलं, बाबांच्या नजरेला पडू नये म्हणून.

बाबा रिटायर झाले, क्वार्टर सोडून डहाणूतच भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेले. आता घरात टीव्ही होता आणि केबलही. तसले सिनेमे आता दिवसभर लागायचे. नव्या मुली, नवे मुलगे, नायकाच्या हातात आता गिटारऐवजी बास्केटबॉल. बापाने गाऊन सोडून सूट घातला होता, पण शेवटी हात डोक्यावरच. बाबा आरामखुर्चीत बसून सगळे बघायचे आणि रडायचे. आई त्या वेळी खोलीत थांबायची नाही. मी एकदा जवळ बसले होते. मला वाटलं, विचारावं, तुम्ही कोणासाठी रडता? विचारलं नाही. मला वाटतं त्यांना सांगता आलंही नसतं. तिथे रडायला काहीच लागत नव्हतं. हात त्यांचा नव्हता आणि मुलगीही त्यांची नव्हती.

ते गेले तेव्हा थंडी सरत आली होती. तेराव्याला घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. सकाळच्या बसने ताई आली, सोबत मुलगी. मुलगी शाळेत जायला लागली होती, केसांना तेल लावून घट्ट दोन वेण्या. ताई बाहेरच्या खोलीत दाराशी उभी राहिली. बाबांच्या एका चुलतबहिणीने आईला विचारलं, "ही कोण?"

खोलीत गलका होता. आईने हातातली पळी खाली ठेवली.

"माझी मोठी मुलगी," ती मोठ्याने म्हणाली. "आणि ही तिची मुलगी."

गलका थांबला. मग कोणीतरी ताईला बसायला जागा दिली. जेवणं झाली, ताईने उष्टी काढली, आईबरोबर थोडा वेळ आत बसली. दोघी काय बोलल्या मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी होती, तिला दुपारच्या गाडीने निघायचं होतं.

ती चप्पल घालत होती तेव्हा मुलगी माझ्याजवळ आली. हार घातलेल्या फोटोसमोर उभी राहून तिने विचारलं, "हे कोण?"

"तुझे आजोबा."

"यांनी मला पाहिलं होतं का?"

"हो," मी म्हटलं. "एकदा."

"तेव्हा मी केवढी होते?"

मी हातांनी दाखवलं. तिला ते फार लहान वाटलं, ती हसली. बाहेरून ताईने हाक मारली, बस चुकेल म्हणून, आणि ती धावत गेली.